आहर खोऱ्यातील तांबडी वाइन : डोंगरउतार, लहान बागाईतदार आणि सहकार

जर्मनीच्या पश्चिम भागात आहर नावाची एक लहानशी नदी आहे. आयफेलच्या डोंगराळ मुलखात ब्लांकेनहाइम गावी उगम पावून सुमारे 85 किलोमीटरांचा वळणावळणांचा प्रवास केल्यानंतर ती राइन नदीस डाव्या बाजूने मिळते. तिच्या खालच्या टप्प्यात, आल्टेनाहर गावापासून पुढे सुमारे पंचवीस किलोमीटरांच्या पट्ट्यात, दक्षिणेकडे तोंड असलेल्या डोंगरउतारांवर द्राक्षबागा आहेत. त्यांचे एकूण क्षेत्र साडेपाचशे हेक्टरांच्या आसपास भरते. म्हणजे आपल्याकडील एका मध्यम गावाच्या शिवारात ते सहज मावेल. साऱ्या जर्मनीत द्राक्षाखाली सुमारे एक लाख हेक्टर जमीन आहे, हे लक्षात घेतले म्हणजे ह्या खोऱ्याचा वाटा किती अल्प आहे ते कळून येते.

तथापि हे लहान खोरे एका गोष्टीसाठी प्रसिद्ध आहे. हा प्रदेश विषुववृत्ताच्या उत्तरेस साडेपन्नास अंशांवर आहे. द्राक्षवेल जेथे जेमतेम तग धरते अशा थंड सीमेवरचा हा मुलूख होय. अशा ठिकाणी सामान्यतः पांढऱ्या वाइनची द्राक्षे लावतात. कारण तांबड्या जातींचे मणी पूर्ण पिकून त्यांच्या सालीत रंग भरण्यास अधिक ऊब लागते. असे असूनही आहर खोऱ्यातील सुमारे चार-पंचमांश क्षेत्र तांबड्या जातींखाली आहे. शिवाय तेथील साधी तांबडी वाइन दहा युरोंच्या आसपास किमतीस मिळते आणि तेथील सर्वसाधारण कुटुंबास ती परवडते. जी बाग कसण्यास सपाट जमिनीच्या कित्येक पट श्रम पडतात, तिचा माल सामान्य माणसाच्या आवाक्यात कसा राहतो आणि तो तसा राहूनही बागाईतदार कसा जगतो, हा प्रश्न आपल्याकडील शेतकऱ्यांनी व ग्रामसेवकांनी समजून घेण्याजोगा आहे. मद्यसेवनाचा पुरस्कार करणे हा येथे हेतू नाही. नाशवंत पिकाला भाव कसा मिळतो, एवढ्यापुरतीच ही माहिती आहे.

उतार आणि ऊन

आहर खोऱ्यातील सरासरी वार्षिक तापमान दहा अंश सेंटिग्रेडच्या आत-बाहेर असते आणि पाऊस वर्षाकाठी पावणेसातशे मिलिमीटरांच्या आसपास पडतो. आयफेलचे डोंगर पश्चिमेकडून येणारा पाऊस व वारा पुष्कळ अंशी अडवितात, म्हणून खोरे आजूबाजूच्या पठाराहून कोरडे व उबदार आहे. परंतु एवढ्याने द्राक्ष पिकत नाही. खरे काम उतार करतो.

हे समजण्यास थोडे गणित पुरेसे आहे. सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात, द्राक्षे पिकण्याच्या ऐन वेळी, आहर खोऱ्यात भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून केवळ चाळीस अंशांवर असतो. अशा तिरप्या उन्हाची एक मोळी सपाट जमिनीवर पडली म्हणजे ती पसरते आणि जमिनीच्या प्रत्येक हाताच्या वाट्यास थोडी ऊब येते. तीच मोळी दक्षिणेकडे तीस अंशांनी कललेल्या उतारावर पडली, की ती जवळजवळ सरळ आदळते आणि त्या उतारास सपाटीच्या दीडपट ऊन मिळते. नाशिक सुमारे वीस अंश अक्षांशावर आहे. त्या दिवशी नाशिकच्या सपाट शेतात दुपारचे ऊन ज्या कोनाने पडते, जवळजवळ त्याच कोनाने ते आहरच्या तीस अंशांच्या उतारावर पडते. दूरच्या उत्तरेत हवेच्या जाड थरातून यावे लागल्याने त्या उन्हाचा जोर थोडा कमी होतो हे खरे. परंतु तेथील बागाईतदार एवढ्या अवघड चढावर का चढून बसला आहे, ह्याचे उत्तर ह्या एका कोनात आहे.

दुसरे साहाय्य दगडाचे. खोऱ्याच्या वरच्या भागातील जमीन म्हणजे पाटीच्या दगडाचा आणि करड्या वालुकाश्माचा चुरा आहे. पाटीचा काळसर दगड दिवसभर ऊन शोषून घेतो आणि रात्री ती ऊब वेलींच्या बुंध्याशी हळूहळू सोडतो. पावसाचे पाणी ह्या चुऱ्यातून लगेच निचरून जाते, त्यामुळे मुळे खडकाच्या फटींतून खोल शिरतात. रात्रीची थंड हवा जड असल्यामुळे उतारावरून खाली घसरते आणि नदीकाठच्या सखल जागेत साचते. म्हणून वसंत ऋतूच्या आरंभी कोवळे फुटवे करपण्याचे भय तळाच्या बागांना अधिक आणि चढावरील बागांना तुलनेने कमी असते. अर्थात हे संरक्षण पूर्ण नव्हे. 2024 च्या एप्रिलअखेरीस आलेल्या थंडीच्या कडाक्याने ह्या खोऱ्यातील पिकाचा मोठा भाग गेला.

खोऱ्याच्या खालच्या भागात, आहरवाइलर व हाइमर्सहाइम ह्या बाजूस, डोंगर मागे सरकतात आणि जमीन अधिक खोल व चिकणवट होते. तेथे उत्पन्न अधिक येते व काम सोपे जाते.

जाती आणि बागेतील कामे

निम्म्याहून अधिक क्षेत्रावर असलेली मुख्य जात स्पेटबुर्गुंडर ही होय. फ्रान्समध्ये हिलाच पिनो न्वार म्हणतात. ह्या जातीची साल पातळ, घड लहान व गच्च. त्यामुळे पावसात घड आतून कुजण्याचा संभव असतो. हिचाच एक लवकर येणारा प्रकार फ्र्यूबुर्गुंडर ह्या नावाने ओळखला जातो. तो सुमारे दोन आठवडे आधी पिकतो, परंतु उत्पन्न कमी देतो. जर्मन भाषेत ‘स्पेट’ म्हणजे उशिराचा आणि ‘फ्र्यू’ म्हणजे लवकरचा. आपल्याकडील हळव्या व गरव्या भातासारखाच हा भेद आहे.

महाराष्ट्रात द्राक्षवेलीस विश्रांती अशी मिळत नाही, म्हणून वर्षातून दोनदा छाटावे लागते : एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि ऑक्टोबरमध्ये फळछाटणी. आहर खोऱ्यात हिवाळा स्वतःच वेलीस झोपवितो. पाने गळून जातात, काडी पक्व होते आणि हिवाळ्याच्या उत्तरार्धात एकदाच छाटणी केली जाते. एप्रिलच्या सुमारास डोळे फुटतात, जूनमध्ये फुलोरा येतो आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये तोडणी होते. भुरी आणि केवडा हे दोन्ही रोग तेथेही आहेत व त्यांसाठी फवारण्या कराव्या लागतात. ह्या बाबतीत तेथील शेतकऱ्याची चिंता नाशिक-सांगलीच्या शेतकऱ्याच्या चिंतेहून निराळी नाही.

खरा भार चढाचा आहे. सर्वांत तीव्र उतारांवर कोकणातील किंवा मावळातील मजगीप्रमाणे पायऱ्या केलेल्या असून त्यांना चुन्यावाचून रचलेल्या दगडी पौळीने आधार दिला आहे. ह्या पौळींतून पाणी झिरपून जाते, म्हणून त्या टिकतात. परंतु एखादा दगड निसटला आणि वेळीच बसविला नाही तर पुढच्या जोरदार पावसात सारी पौळ मातीसकट खालच्या बागेत येते. पूर्वी पावसाने वाहून आलेली माती पाठीवरच्या टोपल्यांतून पुन्हा वर नेऊन टाकीत. आज काही ठिकाणी एका रुळावरून चढणारी लहान गाडी माणसे व माल वाहते आणि कोठे तारेने ओढले जाणारे अवजार चालते. परंतु अरुंद पायऱ्यांवर छाटणी, बांधणी, तण काढणे, तोडणी हे सारे हातांनीच होते. सपाट जमिनीवरील यंत्रांनी कसल्या जाणाऱ्या बागेस हेक्टरी वर्षाला दोन-चारशे तास काम पुरते, तर अशा पायऱ्यांच्या बागेस हजार तासांहूनही अधिक लागतात. जो माल तिप्पट श्रमाने निघतो तो उष्ण सपाट प्रदेशातील मालाशी एकाच बाजारात उभा राहतो, ही ह्या खोऱ्याची जुनी अडचण होय.

द्राक्षापासून वाइन

तांबड्या वाइनची कृती सांगण्यास सोपी आहे. द्राक्षाचा रस बहुधा रंगहीनच असतो. रंग व तुरटपणा सालीत असतो. म्हणून देठ वेगळे करून मणी फोडतात आणि रस, साल व बिया एकत्रच आंबत ठेवतात. यीस्टच्या क्रियेने रसातील साखरेचे मद्यार्क व कार्बनवायू होतात. वायूच्या जोराने साली वर तरंगून त्यांचा जाड थर जमतो. तो दिवसातून काही वेळा खाली दाबावा लागतो, नाही तर वर कोरडा पडून आंबूस होतो. एक ते दोन आठवड्यांनी रस काढून घेऊन उरलेला चोथा दाबतात. पुढे रसातील तीव्र आंबटपणा सूक्ष्म जंतूंच्या दुसऱ्या क्रियेने सौम्य होतो आणि वाइन पिपात किंवा टाकीत मुरते. स्पेटबुर्गुंडरच्या पातळ सालीमुळे आहरची वाइन गडद काळपट नसून फिकट माणकासारखी तांबडी व हलकी असते. हा तिचा दोष नव्हे, गुण होय.

थंड वर्षी रसात साखर कमी भरते. ह्यावर त्रिअर येथील लुडविग गाल ह्या गृहस्थाने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास असा उपाय प्रचारात आणला, की आंबविण्यापूर्वी रसात मोजकी साखर मिसळावी. साध्या प्रतीच्या वाइनसाठी ही मुभा जर्मन कायद्याने आजही मर्यादित प्रमाणात ठेवली आहे. वरच्या प्रतीस मात्र ती नाही. म्हणून रसातील नैसर्गिक साखर मोजणे हा तेथील सर्व व्यवहाराचा पाया आहे. हे माप फोर्झहाइमच्या फेर्डिनांट एक्सले ह्या कारागिराच्या नावाने ओळखले जाते. त्याची रीत सरळ आहे : एक लिटर पाण्याचे वजन हजार ग्रॅम, एक लिटर रसाचे वजन 1085 ग्रॅम भरले तर तो रस 85 अंश एक्सले. आपल्या बागाईतदारांच्या परिचयाच्या ब्रिक्स मापात हे वीस आणि एकवीस यांच्या दरम्यान येते.

ह्या मापाचे महत्त्व पुढील हकिकतीत दिसून येईल.

मायशॉसचे अठरा बागाईतदार

इ. स. 1815 पासून राइनचा हा प्रदेश प्रशियाच्या राज्यात होता. परराज्यांतील वाइनवर जकात असल्यामुळे येथील मालाला काही काळ संरक्षण होते. परंतु 1834 साली जर्मन राज्यांचा जकातसंघ झाला, नाकी उठली आणि दक्षिणेकडील उबदार प्रदेशांतील स्वस्त वाइन उत्तरेच्या बाजारात मोकळेपणी येऊ लागली. त्यातच काही वर्षे हंगाम वाईट गेले. आहर खोऱ्यातील बागाईतदाराची जमीन लहान, तीही वारसाहक्काने तुकड्या-तुकड्यांत वाटलेली. पुष्कळांजवळ स्वतःचे दाबयंत्र नव्हते, पिपे नव्हती, थंड तळघर नव्हते. द्राक्ष तोडले की चार दिवसांत त्याचे काही करावेच लागते. आणि ज्याच्याजवळ भांडे नाही त्याला व्यापारी सांगेल त्या भावाने ते देणे भाग असते. पीक कमी आले तर विकायला माल नाही, आणि पीक भरघोस आले तर भाव नाही, अशा कात्रीत हे लोक सापडले. अनेक कुटुंबे घरदार सोडून अमेरिकेस निघून गेली.

अशा स्थितीत 1868 च्या डिसेंबरमध्ये मायशॉस ह्या लहानशा गावात अठरा बागाईतदारांनी एकत्र येऊन आपली सहकारी संस्था स्थापन केली. वाइन उत्पादकांच्या जगातील सर्वांत जुन्या सहकारी संस्थांमध्ये तिची गणना होते आणि पुष्कळदा ती सर्वांत जुनी म्हणूनच सांगितली जाते. तिला कायद्याचा आधार नुकताच मिळाला होता. हेर्मान शुल्त्से-डेलिच ह्यांच्या प्रयत्नांनी प्रशियात 1867 साली सहकारी संस्थांचा कायदा झाला होता. त्या कायद्याची एक अट ध्यानात ठेवण्याजोगी आहे : सभासदांची जबाबदारी अमर्यादित होती. संस्था बुडाली तर प्रत्येक सभासदाच्या घरादारावर जप्ती येऊ शकत होती. मर्यादित जबाबदारीची सोय 1889 च्या कायद्याने झाली. म्हणजे 1868 च्या त्या अठरा जणांनी केवळ आपली द्राक्षे नव्हे, तर आपली घरे एकमेकांच्या हवाली केली होती. ज्याची घडी विस्कटलेली आहे अशा गावात हे पाऊल टाकणे किती कठीण गेले असेल, ह्याची कल्पना सहकारी संस्था नोंदविण्यासाठी दारोदार फिरलेल्या कोणत्याही ग्रामसेवकास सहज येईल.

संस्थेमुळे पहिली गोष्ट अशी झाली, की माल थांबू शकला. सामाईक तळघर व सामाईक पिपे असल्यामुळे तोडणीच्या आठवड्यातच विकण्याची सक्ती राहिली नाही. भरघोस वर्षाची वाइन तळघरात ठेवून तुटीच्या वर्षी विकता येऊ लागली. द्राक्ष नाशवंत आहे, वाइन नाही. शेतकऱ्याने हा फरक स्वतःच्या हाती घेतला, एवढाच ह्या सुधारणेचा मथितार्थ. शेजारच्या गावांनीही पुढील वर्षांत हाच मार्ग धरला. मायशॉसच्या संस्थेत 1982 साली आल्टेनाहरची व 2009 साली वाल्पोर्त्सहाइमची संस्था सामील झाली.

परंतु तळघर बांधल्याने संस्था चालत नाही. सामाईक पिपात सर्वांचा रस एकत्र होतो. मग कष्टाने गोड द्राक्ष पिकविणाऱ्याने आळशी शेजाऱ्याचा पाणचट रस का सोसावा? प्रत्येक सहकारी प्रक्रियासंस्थेपुढे हा प्रश्न येतोच. जर्मन बागाईतदारांच्या संस्थांत त्याचे उत्तर दोन नियमांनी दिले जाते. एक असा, की सभासदाने आपला सर्व माल संस्थेसच घातला पाहिजे. चांगला माल बाहेर आणि उरलेला संस्थेस, हे चालत नाही. दुसरा असा, की माल येताच त्याचे वजन आणि रसाचे एक्सले अंश दोन्ही मोजून सभासदाच्या नावे लिहिले जातात आणि मोबदला दोहोंवर ठरतो. समजा, एकाने हजार किलो द्राक्षे सत्तर अंशांची आणली आणि दुसऱ्याने आठशे किलो पंच्याऐंशी अंशांची आणली. तर किलोमागे दुसऱ्यास अधिक दर पडून पहिल्याच्या जास्त वजनाचा फायदा उरत नाही. मोबदला एकदम न देता वाइन विकली जाईल तसतसा हप्त्याहप्त्याने दिला जातो. ऊस घालणाऱ्या सभासदास पहिल्या व अंतिम हप्त्याची ही पद्धत नवी वाटणार नाही.

ह्या दराचा परिणाम थेट बागेत दिसतो. उन्हाळ्यात वेलीवर अधिक घड राहिले तर शेतकरी काही हिरवे घड कापून जमिनीवर टाकतो. हाताने लावलेले फळ हाताने तोडून टाकणे कोणत्याही शेतकऱ्याच्या जिवावर येते. केवळ उपदेशाने तो ते करीत नाही. उरलेल्या घडांत साखर अधिक भरते आणि त्या साखरेचा पैसा त्याच्याच खात्यावर जमा होतो, हे काट्यावर स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्यावर तो ते करतो.

राइनच्या पलीकडचा तीर आणि महाराष्ट्र

ह्या हकिकतीचा महाराष्ट्राशी असलेला संबंध दूरचा वाटला तरी खरा आहे. आहर जेथे राइनला मिळते तेथून थोडे वर, राइनच्या उजव्या तीरावर, नॉयवीड हे शहर आहे. त्याच्या लगतच्या हेडेसडॉर्फ येथे फ्रीड्रिख विल्हेल्म राइफायझेन हे महापौर होते. 1846-47 च्या दुष्काळात त्यांनी वायरबुश गावी गरिबांना पाव उधार देण्याची मंडळी काढली आणि पुढे 1864 साली हेडेसडॉर्फ येथे शेतकऱ्यांची पतपेढी स्थापिली. गावापुरते क्षेत्र, एकमेकांस ओळखणारे सभासद आणि परस्परांची हमी हे तिचे मर्म होते. मद्रास सरकारने नेमलेल्या फ्रेडरिक निकल्सन ह्यांनी 1895 व 1897 साली सादर केलेल्या अहवालांत ह्याच पद्धतीचा पुरस्कार केला आणि 1904 साली हिंदुस्थानात सहकारी पतसंस्थांचा कायदा झाला. मुंबई इलाख्यातील गावोगावच्या सोसायट्या त्या कायद्याखाली निघाल्या. 1950 साली विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ ह्यांच्या प्रयत्नांतून प्रवरेकाठी सुरू झालेला सहकारी साखर कारखाना हे त्याच झाडाचे फळ होय. मात्र येथे पत आणि प्रक्रिया ह्यांचा संयोग झाला. द्राक्षाच्या निर्यातीसाठी सहकारी संस्थांनी 1991 साली एकत्र येऊन महाग्रेप्स स्थापिली, तीही ह्याच वाटेवरची.

वाइनच्या बाबतीत मात्र महाराष्ट्रातील वाट निराळी झाली. राज्य सरकारने 2001 साली द्राक्षप्रक्रिया उद्योगाचे धोरण जाहीर केले. त्यानंतर नाशिक परिसरात जे कारखाने वाढले ते बहुतांशी खाजगी कंपन्यांचे आहेत आणि शेतकरी त्यांना कराराने द्राक्षे पुरवितो. हे बरे की वाईट, हा येथील विषय नव्हे. परंतु खाण्याची द्राक्षे आणि वाइनची द्राक्षे ह्यांच्या जाती निराळ्या असतात. वाइनच्या जातीचे बारीक, बियांचे मणी बाजारात खाण्यासाठी विकता येत नाहीत. करार मोडला तर बाग उभी असूनही ग्राहक नसतो. अशी बाग लावण्यापूर्वी माल कोण घेणार, साखर कोण मोजणार आणि कोणासमक्ष मोजणार, हे ग्रामसेवकाने शेतकऱ्यास अवश्य विचारावे.

अलीकडील काळ आणि 2021 चा पूर

सहकाराने आहरच्या बागाईतदारास जगविले, परंतु त्याने सर्व दोष गेले असे नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर बॉन ही पश्चिम जर्मनीची राजधानी झाली. ती व कोलोन ही दोन्ही शहरे जवळच असल्यामुळे सुटीच्या दिवशी हजारो लोक ह्या खोऱ्यात येऊ लागले. जे पिकेल ते दारातच खपे. परिणामी पुष्कळ वाइन फिकी व गोडसर निघू लागली आणि खोऱ्याचे नाव खाली गेले. सहज मिळालेले गिऱ्हाईक मालाची प्रत बिघडविते, हा अनुभव आपल्याकडे यात्रेच्या गावी पेढे विकणाऱ्यांनाही ठाऊक आहे. सन 1980 नंतर डेर्नाऊचे वेर्नर नेकेल आदी काही उत्पादकांनी उत्पन्न घटवून, वाइन गोडीविना पूर्ण आंबवून, लहान ओक पिपांत मुरवून निराळा मार्ग दाखविला. त्यांच्या बाटल्या महाग झाल्या. परंतु त्यांच्यामुळे साध्या वाइनचीही प्रत सुधारली. हवामान उबदार होत चालल्याने पूर्वी ऑक्टोबरपर्यंत रेंगाळणारी तोडणी आता पुष्कळदा सप्टेंबरमध्येच सुरू होते, हाही त्यातील एक भाग आहे. त्याच उबेमुळे कडक उन्हाच्या वर्षी मणी भाजू लागले आहेत, म्हणून पाने कोणत्या बाजूची काढावीत ह्याचा नवा विचार तेथे करावा लागत आहे.

14 जुलै 2021 रोजी आयफेलच्या डोंगरांवर एका-दोन दिवसांत शंभर ते दीडशे मिलिमीटर पाऊस कोसळला. सह्याद्रीच्या माथ्यावर हा आकडा पावसाळ्यात नवलाचा नव्हे. परंतु तेथील जमीन आधीच्या पावसाने तुडुंब झाली होती, उतार तीव्र होते आणि सारे पाणी एका अरुंद दरीत उतरले. त्या रात्री आहर खोऱ्यात 130 हून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. पूल, रस्ते, लोहमार्ग वाहून गेले. 1804 आणि 1910 सालीही ह्या नदीला असेच प्राणघातक पूर आले होते. तरीही घरे व तळघरे पाण्याच्या वाटेतच राहिली होती. आश्चर्याची गोष्ट अशी, की चढावरील बहुतेक बागांना धक्का लागला नाही. नदीकाठच्या बागा तेवढ्या गेल्या. जे गेले ते तळघरांतले : यंत्रे, पिपे, टाक्या आणि विक्रीस तयार असलेली वाइन. ज्या तळघरांनी दीडशे वर्षे बागाईतदारास बाजाराच्या मर्जीपासून वाचविले, तीच पाण्यात बुडाली.

चिखलात सापडलेल्या न फुटलेल्या बाटल्या धुण्यात आल्या नाहीत. चिखलासकटच त्या देणगीदारांना देण्यात आल्या आणि त्यातून चाळीस लाख युरोंहून अधिक निधी उभा राहिला. ह्याहूनही मोलाचे साहाय्य हातांचे झाले. पुरानंतर अवघ्या दोन महिन्यांत द्राक्षे तोडणीस आली. जर्मनीच्या इतर खोऱ्यांतील बागाईतदार आपली अवजारे घेऊन आले; पुरापूर्वी जे बाजारात प्रतिस्पर्धी होते त्यांनी दाबयंत्रे, टाक्या व तळघरांतील जागा दिल्या. 1868 साली एका गावाने आपसांत जे केले होते, ते ह्या वेळी खोऱ्याखोऱ्यांत झाले.

तळघरे पुन्हा बांधता येतात, यंत्रे विकत आणता येतात. चढावरच्या पायऱ्यांचे तसे नाही. तीव्र उतारावरील बाग राखण्यासाठी सरकारी साहाय्य मिळते, परंतु ते हजार तासांच्या मजुरीची भरपाई करीत नाही आणि गावातील तरुण मुलास शहरातील नोकरी अधिक सोपी वाटते. वृद्ध सभासदाने सोडलेला तुकडा शेजाऱ्याने घेतला नाही, तर दोन-तीन वर्षांत तेथे काटेरी झुडपे माजतात आणि त्यांची मुळे पौळीचे दगड सैल करतात. मग खालच्या पायरीवरील बागही धोक्यात येते. साध्या तांबड्या वाइनच्या बाटलीस जो भाव मिळतो त्यातील काही भाग ह्या दगडांसाठी राहावा लागतो. तो किती राहू शकतो, ह्याचा हिशेब तेथील सभासद दर हंगामाच्या अखेरीस, शेवटच्या हप्त्याचा दर ठरल्यावर, नव्याने करीत असतात.